गंज आणि धूळ

शहापूर, वडगाव, अनगोळ, टिळकवाडी या भागांतल्या जुन्या घरांमागे अजून थोडेफार परडे शिल्लक आहे. एके काळी तेथे गाय असे, मग गाईची जागा मोडक्या पलंगाने घेतली, आणि पलंगाच्या आडोशाला, गोणपाटाखाली, वडिलांची किंवा काकांची दुचाकी उभी राहिली. कुणाची ती म्हैसूरच्या कारखान्यातून आलेली जावा किंवा येझदी असते, कुणाची बजाजची चेतक, एखाद्या भाग्यवानाची बुलेट, आणि निपाणीकडच्या बागायतदार घरांत क्वचित जुनी जीपही. म्हैसूरचा तो कारखाना १९९६ मध्ये बंद पडला, जुनी चेतकही पुढे थांबली. १९७२ साली बाजारात आलेले हे नाव आता विजेवर चालणाऱ्या स्कूटरला लागले आहे. गाड्यांचे कारखाने थांबले, पण परड्यातल्या गाड्यांवरचे प्रेम मात्र गेल्या काही वर्षांत वाढले आहे. नोकरीनिमित्त पुण्या-बंगळूरला गेलेला मुलगा सुटीत घरी येतो, गोणपाट उचलतो, आणि ‘हिला परत उभी करू’ असे म्हणतो. या वाक्यात भक्ती आहे, हौस आहे, आणि थोडा अपराधभावही असावा. वडील हयात असताना गाडीकडे कोणी पाहिले नव्हते.

असा जीर्णोद्धार करताना पहिली अडचण गंजाची येते. कानस आणि घासपेपर घेऊन बसले तर एका मडगार्डाला एक रविवार जातो. म्हणून हल्ली घरच्या घरी वाळूचा मारा करण्याची टूम निघाली आहे. दोन-तीन अश्वशक्तीचा कॉम्प्रेसर, एक नळी, एक नोझल आणि बादलीभर बारीक चाळलेली, उन्हात वाळवलेली वाळू, एवढ्यावर काम भागते. दाबलेल्या हवेबरोबर वाळूचे कण पत्र्यावर आदळतात आणि रंग, पुट्टी, गंज सारे काही मिनिटांत उडून जाते. खाली राहतो तो करडा, मंद, खडूने घासल्यासारखा दिसणारा निखळ धातू. हे रूप पाहून मन हरखते, हे नाकारण्यात अर्थ नाही. मात्र जाणता मिस्त्री त्याच वेळी चार सूचना देतो. पातळ पत्र्यावर नोझल एका जागी धरू नका, पत्रा वाकतो. ॲल्युमिनियमच्या कार्ब्युरेटरला वाळू दाखवूही नका. इंजिनाच्या कवचात तेलाच्या वाटा असतात, तेथे चार कण अडकले तर बेअरिंगची वाट लागते. आणि उघडे झालेले लोखंड त्याच दिवशी अस्तराखाली झाका, नाहीतर दुसऱ्या सकाळी ते पुन्हा तांबूस दिसेल.

ही झाली कृती. तिच्या पोटात दोन प्रश्न आहेत. पहिला, आपण काढतो ते नक्की काय? दुसरा, काढलेले जाते कोठे? पहिल्या प्रश्नावर विचारवंतांनी पुष्कळ लिहिले आहे. दुसऱ्यावर डॉक्टरांनी आणि कामगार संघटनांनी लिहिले आहे, आणि साहित्याच्या नियतकालिकांत त्याला सहसा जागा मिळत नाही.

पहिला प्रश्न जुना आहे. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात नागसेन राजा मिलिंदाला विचारतो, की तू रथातून आलास, तर रथ कोणता ते सांग. आस म्हणजे रथ का? चाके म्हणजे रथ का? जू म्हणजे रथ का? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणतो, आणि शेवटी कबूल करतो की या साऱ्या अवयवांच्या आधाराने चालणारे ते एक नाव आहे. ग्रीकांनी हाच पेच थीसियसच्या जहाजावर घातला: फळ्या एकेक करून बदलत गेलो तर जहाज तेच राहिले का? पुढे हॉब्जने त्यात खोच मारली, की काढलेल्या जुन्या फळ्या जपून कोणी दुसरे जहाज बांधले, तर मूळ कोणते? परड्यातल्या येझदीला हे कोडे अगदी बेतून शिवल्यासारखे बसते. टाकी भंगारातून आणलेली, चाके नवी, सीट नव्याने शिवलेली, रंग आजचा. उरते काय, तर सांगाड्यावर ठोकलेला एक क्रमांक आणि ‘ही दादांची गाडी’ हे वाक्य.

पण वाळूचा मारा या कोड्याला एक वेगळे वळण देतो. येथे काहीही बदललेले नसते. मडगार्ड तेच, टाकी तीच. फक्त वरचा पदर गेलेला असतो. मग गेले ते गाडीचे होते की गाडीवरचे होते?

येथे गंज आणि रंग यांत भेद करायला हवा. आपण गंजाला मळासारखे, बाहेरून येऊन बसलेले समजतो. वास्तविक गंज हे लोखंडच आहे, हवा आणि पाणी यांच्या संगतीने रूप बदललेले. गंज उडवला म्हणजे खालचे मूळ लोखंड जसेच्या तसे परत मिळत नाही. जेवढे गंजले तेवढे कायमचे गेलेले असते, आणि त्या जागी खड्डे उरतात. वाळू ते खड्डे दाखवते, भरून देत नाही. रंगाचे तसे नाही. रंग बाहेरून आलेला आणि म्हणूनच बोलका असतो. एखाद्या टाकीचा थर खरवडत गेलो तर वर काळा, त्याखाली धाकट्या भावाच्या लग्नात दिलेला लाल, त्याखाली कारखान्याचा मूळ रंग, आणि तळाशी अस्तर. जुन्या जीपच्या कागदपत्रांतही असेच थर असतात: १९५६ पर्यंत हा मुलूख मुंबई राज्यात, मग म्हैसूर राज्यात, १९७३ पासून कर्नाटक या नावाखाली, आणि २०१४ मध्ये बेळगावचे अधिकृत नाव बेळगावी. गाडी मात्र त्याच रस्त्याने बाजारात जात राहिली.

गंज खातो आणि रंग सांगतो. कानस धरलेल्या हाताला हा फरक कळतो, कारण त्याला दर बोटभर जागेवर थांबून ठरवावे लागते. वाळूला कळत नाही. या तंत्राची खरी अडचण त्याच्या वेगात नसून त्याच्या आंधळेपणात आहे, असे मला वाटते. ज्या कामात निर्णय घ्यायचे असतात त्या कामातून ते निर्णय गाळून टाकले, तर श्रम वाचतात खरे. पण आपण त्याला जीर्णोद्धार म्हणावे का, याचा विचार व्हावा.

इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकात जुन्या चर्चांच्या भिंती खरवडून ‘मूळ’ रूप बाहेर काढण्याची लाट आली होती. तिच्याविरुद्ध विल्यम मॉरिसने १८७७ मध्ये प्राचीन वास्तूंच्या रक्षणासाठी एक संस्था काढली. तिला लोक गमतीने ‘खरवड-विरोधी’ अशाच अर्थाच्या टोपणनावाने ओळखत. आपल्याकडे तमिळनाडूतील कित्येक देवळांच्या भिंतींवर स्वच्छतेसाठी वाळूचा मारा केला गेला आणि शिलालेखांची अक्षरे बोथट झाली. बरीच ओरड झाल्यावर सरकारला ती रीत थांबवावी लागली. दगडावरचा चुना आणि तेलाचे थर नकोसे होते हे खरे, पण त्या थरांबरोबर अक्षरही गेले.

याच्या नेमके उलट उदाहरण सप्तशृंगगडाचे आहे. २०२२ साली तेथे देवीच्या मूर्तीवरचे शेंदराचे पिढ्यान्‌पिढ्यांचे थर शास्त्रीय देखरेखीखाली काढण्यात आले, आणि कोणी न पाहिलेले कोरीव रूप समोर आले. ज्यांनी आजवर शेंदरी मुखाला हात जोडले होते, त्यांची मूळ देवी कोणती? जिला आजोबांनी नवस केला ती, की जी थराखाली होती ती? याचे उत्तर देण्याचा अधिकार मला नाही. मात्र काम कसे झाले ते लक्षात ठेवण्यासारखे आहे: सावकाश, थर पाहत, जाणकारांना विचारून. कोल्हापूरला अंबाबाईच्या झिजलेल्या मूर्तीवर २०१५ मध्ये पुरातत्त्व खात्याच्या तज्ज्ञांनी संवर्धनाची प्रक्रिया केली, तेव्हाही वाद झालाच. तेथे प्रश्न थर काढण्याचा नव्हता, झीज सावरण्याचा होता. दोन्ही ठिकाणी घाई कोणाला परवडणारी नव्हती.

सरकारलाही या कोड्यात पडावे लागले आहे. २०२१ मध्ये केंद्राने मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी-चारचाकी गाड्यांना ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी देऊ केली. अट अशी, की गाडी मूळ रूपात राखलेली असावी आणि तिच्यात मोठी उलथापालथ झालेली नसावी. सांगाडा, कवच किंवा इंजिन यांतला बदल ही उलथापालथ समजली जाते. थीसियसच्या जहाजावर कारकुनाने मारलेला हा शिक्का मला आवडतो. रंग बदला, चाके बदला, पण सांगाडा आणि हृदय यांना हात लावू नका. आणि गंमत अशी, की सांगाड्यावरचा क्रमांक हा धातूत ठोकलेल्या उथळ अक्षरांचा असतो. आर.टी.ओ.त त्यावर कागद ठेवून पेन्सिलीने छाप घेतात. उत्साही हाताने त्याच जागी वाळू सोडली तर आकडे मिटतात, आणि वडिलांची गाडी कायद्याच्या दृष्टीने अनाथ होते.

तरीही हा सारा पहिला प्रश्न अखेर रुचीचा आहे. गाडी ज्याची, त्याने ती चकचकीत करावी की सुरकुत्यांसह ठेवावी, हे त्याने ठरवावे. चुकले तर एक येझदी कुरूप होईल, एवढेच. दुसऱ्या प्रश्नाला ही सवलत नाही.

वाळूचा कण पत्र्यावर आदळतो तेव्हा पत्र्याबरोबर तोही फुटतो. नदीची वाळू बहुतांशी गारेची, म्हणजे सिलिकाची असते, आणि फुटलेल्या गारेची अत्यंत सूक्ष्म पूड हवेत उडते. डोळ्यांना दिसणारे धुळीचे ढग खाली बसतात; खरा धोका असतो तो न दिसणाऱ्या कणांचा. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड धरला, तर हे कण पाच मायक्रॉनहूनही लहान असतात. ते तासन्‌तास तरंगत राहतात आणि श्वासाबरोबर फुप्फुसाच्या अगदी शेवटच्या कोशांपर्यंत पोचतात. शरीरातल्या रक्षक पेशी त्यांना गिळतात आणि स्वतःच मरतात, त्या जागी व्रण धरतो, आणि असे व्रण साचत गेले की फुप्फुस लवचीकपणा गमावते. हा सिलिकोसिस. तो बरा होत नाही; धूळ थांबली तरी पुष्कळदा वाढत राहतो, आणि क्षयाला दार उघडून देतो. १९९७ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ही धूळ कर्करोगकारक म्हणून नोंदवली. तोंडावर बांधलेला रुमाल तिच्यापुढे मच्छरदाणीतून पाणी गाळण्याइतकाच उपयोगी.

हे ज्ञान नवे नाही. अमेरिकेत टिल्घमनने वाळूच्या माऱ्याचे पेटंट १८७० मध्ये घेतले. ब्रिटनने १९४९ च्या नियमांनी ओतीव वस्तू साफ करण्यासाठी वाळू वापरण्यावर बंदीच घातली. तुर्कस्तानात नव्या जीन्स विटक्या दिसाव्यात म्हणून त्यांच्यावर वाळू मारली जाई. तरुण पोरे सिलिकोसिसने मरू लागली तेव्हा २००९ मध्ये तेथेही बंदी आली. हा विरोधाभास विचार करण्यासारखा आहे. नव्या विजारीला जुनेपण यावे म्हणून वाळू, आणि जुन्या गाडीचे जुनेपण जावे म्हणूनही वाळू. वयाशी आपले काहीतरी बिनसले आहे, आणि त्याची किंमत तिसऱ्याच कुणाचे तरी फुप्फुस देते.

आपल्याही बालपणात ही किंमत मिसळलेली आहे. आपण पाटीवर ज्या पेन्सिलीने अ-आ-इ गिरवली, त्या दगडी पेन्सिली मोठ्या प्रमाणावर मध्य प्रदेशातल्या मंदसौरकडे बनत. तेथल्या कामगारांची १९८० च्या दशकात तपासणी झाली, तेव्हा निम्म्याहून अधिक जणांना सिलिकोसिस असल्याचे आढळले. आपल्याला त्या वेळी ठाऊक नव्हते, म्हणून आपल्याकडे दोष जात नाही. आता ठाऊक आहे.

बेळगावला तर वाळू परकी नाहीच. १८८८ मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी येथे सायकलींचे दुकान काढले, त्यातून कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर निघाले. १९१० मध्ये त्यांना येथून हलावे लागले आणि किर्लोस्करवाडी उभी राहिली, ही कथा आपल्या घराघरांत सांगितली जाते. पुढे उद्यमबागेत फौंड्र्या आल्या. ओतकामाचा साचा वाळूचा, ओतीव नग झटकायचा तीही वाळू, आणि फेटलिंगला बसलेल्या माणसाच्या नाकासमोरही तीच. आपल्यातील कित्येक कुटुंबांची शिक्षणे या ओतकामावर झाली आहेत. कोणाचा खोकला दम्याचा आणि कोणाचा भट्टीचा, हे आपल्या गल्लीतल्या बायकांना डॉक्टरांच्या आधी कळत असे. त्यामुळे ‘आम्हाला कल्पना नव्हती’ हे वाक्य दुसऱ्या गावाला कदाचित शोभेल, बेळगावला शोभत नाही.

निपाणीची गोष्ट याहून जवळची, कारण ती घराची आहे. वखारीत तंबाखू चाळणाऱ्या, कुटणाऱ्या बायकांनी ती तिखट धूळ वर्षानुवर्षे घेतली. आणि विडी वळण्याचे काम तर सूप मांडीवर घेऊन घरातच चाले, शेजारी पाळणा असे. १९६६ च्या विडी-सिगार कामगार कायद्याने घरी विडी वळणाऱ्या बाईलाही कामगार मानले, ही त्या काळाच्या मानाने मोठी गोष्ट. घराचा उंबरठा आला म्हणून धूळ थांबत नाही, हे कायद्याने तेथे मान्य केले. ती धूळ पोटासाठी घरात आली होती. परड्यातली धूळ हौसेसाठी येते. दोन्ही एकाच मापाने मोजाव्यात असे मी म्हणत नाही. हौसेच्या धुळीला अधिक कडक माप लावावे असे म्हणतो, कारण ती टाळता येते.

आणि कायदा परड्यात शिरत नाही. १९४८ च्या कारखाने कायद्यात सिलिकोसिस हा सरकारला कळवायचाच असा रोग होता, पण तो कायदा लागू होण्यासाठी वीज वापरणाऱ्या जागी निदान दहा कामगार असावे लागत. नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी आलेल्या नव्या संहितेत ही संख्या वीसवर गेली. एक कॉम्प्रेसर आणि एक पोरगा यांची नोंद कोणत्याच वहीत होत नाही. कायदा नाही तेथे काय करावे, हा प्रश्न म्हणजेच नीतीचा प्रश्न.

यावर एक उत्तर ठरलेले असते: ‘माझे परडे, माझे फुप्फुस, आणि वर्षातून चार तासांचे काम.’ हे उत्तर उडवून लावण्याजोगे नाही. धुळीची बाधा तिच्या मात्रेवर अवलंबून असते. वर्षाकाठी चार तास वाळू मारणाऱ्या हौशी माणसाला फेटलिंगच्या कामगाराइतका धोका आहे असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल, आणि अतिशयोक्तीने या विषयाचे नुकसानच होते. शेजारणीची वाळत घातलेली धुणी, भिंतीपलीकडचे लहान मूल, जुन्या अस्तरातले शिसे (ज्याला आपण शेंदूर म्हणतो तो रंग शिशाचाच), ही सारी भर धरूनही मालकाचा हिशेब कदाचित निभावेल.

पण मालक स्वतः नोझल धरतो कोठे? चार घरांत चौकशी केली तर तीन ठिकाणी उत्तर एकच मिळते: ‘एक पोरगा येतो.’ तो पोरगा आज शहापूरच्या परड्यात असतो, उद्या अनगोळच्या, परवा निपाणीच्या रस्त्यावरच्या एखाद्या शेडमध्ये. पन्नास मालकांचे चार-चार तास म्हणजे त्याचे वर्षाला दोनशे तास, तेही उघड्यावर, रुमाल बांधून. प्रत्येक मालक आपल्यापुरता खरा बोलतो; चार तासांनी कोणाला काय होते? आणि ती सगळी खरी बोलणी एका छातीत जमा होतात. दहा वर्षांनी त्याला दम लागेल तेव्हा तो कोणाकडे बोट दाखवणार? पन्नासांतल्या एकानेही त्याचे काही वाईट केलेले नसेल. वाईट हेतूशिवाय, नियमभंगाशिवाय, मजुरी चोख देऊन, केवळ सोयीने वाटून घेतलेला असा अपाय मोजण्याचे माप आपल्या नीतिशास्त्रात फारसे नाही. पाप-पुण्याच्या आपल्या वह्या एकेकाच्या नावाने लिहिलेल्या असतात. सामाईक खाते त्यांत नसते.

स्वच्छता म्हणजे घाण नाहीशी करणे, असे आपण समजतो. घाण नाहीशी होत नाही, ती हलते. पत्र्यावरून हवेत आणि हवेतून कुठेतरी. ती कोठे जाऊन बसली याची चौकशी न करता टाकीच्या चकाकीकडे पाहणे जमते, कारण ती चौकशी करण्याची आपल्याला सवय नाही.

मग काम उद्यमबागेतल्या एखाद्या शॉपमध्ये द्यावे का? तेथे बंद कपाट असते, धूळ ओढून घेणारा पंखा असतो, वाळूऐवजी गार्नेट, ॲल्युमिनियम ऑक्साइड, लोखंडी छर्रे किंवा काचेचे बारीक मणी वापरलेले असतात. असतात, असे गृहीत धरू नये, विचारावे. कपाट बंद आहे का, आत काय भरले आहे, ते चालवणाऱ्याला ताजी हवा पुरवणारे शिरस्त्राण आहे का, हे विचारायला मराठी मध्यमवर्गीयाला संकोच वाटतो. दर विचारताना तो वाटत नाही. आणि हे विचारल्यावर दर दुप्पट सांगितला गेला तर तो रागाने ऐकू नये. स्वस्त दरातली तूट कोठेतरी भरली जातच असणार.

दुसरा मार्ग पाण्याचा. ओला घासपेपर, कानस, तारेचा ब्रश, गंज सोडवणारे द्रावण आणि वेळ. पाण्यामुळे धूळ उडत नाही, जुन्या रंगातले शिसे हवेत जात नाही, आणि हात थांबत थांबत चालतो म्हणून टाकीखालची ती लाल पट्टी, लग्नातली, शिल्लक ठेवायची की नाही हे ठरवायला सवड मिळते. एका येझदीला असे पाच-सहा महिने जातात. त्यातही जून ते सप्टेंबर धरायचे नाहीत. त्या दिवसांत आपल्या हवेत उघडे लोखंड संध्याकाळपर्यंतही तग धरत नाही. गाडी पुन्हा गोणपाटाखाली ठेवावी आणि दसऱ्यानंतर बसावे.